सात आठवड्यांचा गिअरबॉक्स

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी जुआनेल कोम्ब्सने आपला पिकअप ऑरिन स्टॅम्परच्या गॅरेजसमोर उलटा लावला आणि खाली न उतरताच हॉर्न दाबून धरला. ऑरिन फडक्याला हात पुसत बाहेर आला. पिकअपच्या हौद्यात जुन्या गोधडीवर एक गिअरबॉक्स आडवा पडला होता. ऑरिनने तो लांबूनच ओळखला. जूनच्या शेवटी त्यानेच तो उघडून, धुऊन, नवीन माल घालून बांधून दिला होता.

"सात आठवडे," जुआनेल खिडकीतून म्हणाली. "माझ्याकडचं काकडीचं लोणचं याच्यापेक्षा जास्त टिकतं."

"काय झालं काय?"

"तेच जे जूनमध्ये झालं होतं. दुसरा गिअर टाकला की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी मागे राहते. रविवारी दुसऱ्याच फेरीत घरी आले मी. एका पोराकडून हरले, ऑरिन. त्याच्या गाडीवर ज्वाळा रंगवल्या होत्या."

"तेल तपासलं होतंस?"

"नाही, सरबत भरलं होतं," ती म्हणाली. "उतरव तो. मला बटाटे आणायला जायचंय."

जुआनेल सहासष्ट वर्षांची होती. लॉरेल फोर्कच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती, रोज चारशे पोरांचं जेवण करायची. आणि एप्रिल ते सप्टेंबर, दर रविवारी चर्च सुटलं की आपली सदुसष्ट सालची नोव्हा गाडी ट्रेलरवर चढवून बीच क्रीकच्या रेसपट्टीवर जायची. पट्टी सरळ, एक अष्टमांश मैलाची. तिथे सगळ्यात जोरात पळेल तो जिंकतो असं नाही. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी काचेवर लिहायचं आणि तेवढ्याच वेळात पोचायचं. लिहिलेल्या आकड्याला जो जास्त चिकटून राहील तो पुढच्या फेरीत. त्यामुळे गिअर दर वेळी त्याच क्षणी आणि तसाच पडावा लागतो. गेल्या वीस वर्षांत जुआनेल तिथे अकरा वेळा वर्षाची विजेती झाली होती, आणि त्या अकराही वेळा तिच्या गाडीतला बॉक्स ऑरिनच्या हातचा होता.

ऑरिन स्वतः कधी पट्टीवर उतरला नाही. तो फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधायचा, गेली अडतीस वर्षं; रेसच्या गाडीसाठी असला की त्यात गिअर हाताने लिव्हर सरकवून पडेल अशी सोय करून द्यायचा. तीन जिल्ह्यांतून लोक त्याच्याकडे यायचे. तो कमी बोलायचा, आणि काम परत आलं की जेवायचा नाही.

त्या दिवशीही तो दुपारी घरात आला नाही. बायको विल्डा तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच घेऊन गॅरेजमध्ये आली, तेव्हा बॉक्सचे सगळे भाग टेबलावर ओळीने मांडलेले होते आणि ऑरिन एक क्लच प्लेट नाकाशी धरून उभा होता.

"जळली?"

"कोळसा झालाय," तो म्हणाला. "पण फक्त दुसऱ्या गिअरच्या प्लेटांचा. बाकी सगळं जसं ठेवलं होतं तसं आहे."

हेच त्याला कळत नव्हतं. प्लेटा जळतात त्या तेलाचं प्रेशर कमी पडल्यामुळे. दाब पुरेसा नसला की प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत, घासत राहतात आणि करपतात. प्रेशर कमी होण्याची चार-पाचच कारणं असतात. ऑरिनने ती एकेक करून पाहिली. पंप उघडला, तो ठीक होता. पिस्टनची सीलं बोटांनी वाकवून पाहिली, भिंगाखाली धरली, कुठे चीर नव्हती. प्लेटा ज्यात बसतात त्या ड्रममध्ये हवा सोडून पाहिली, गळती नाही. व्हॉल्व्ह धुऊन पुसून सरकवून पाहिले, ते लोण्यासारखे चालत होते. गुरुवारपर्यंत तो पुन्हा पुन्हा तेच करत राहिला.

शुक्रवारी बर्ल नेपियरचा फोन आला. बर्लची दगडाच्या खाणीत नोकरी होती आणि पट्टीवर पळवायला एक जुनी कॅमेरो गाडी. त्याचा बॉक्स पुढच्या आठवड्यात ऑरिनकडे बांधायला यायचा होता. फोन विल्डाने घेतला.

"तो म्हणतोय या वर्षी राहू दे," फोन ठेवून ती म्हणाली. "आढेवेढे घेत होता. मी विचारलंच मग. रविवारी जुआनेल हॅम्बर्गरच्या गाडीपाशी सगळ्यांना सांगत होती म्हणे, ऑरिनचं लक्ष राहिलं नाही आता कामात."

ऑरिनने नुसतं "हं" केलं.

"हं काय? अरे, तीस-पस्तीस माणसं असतात तिथे."

"तिला जसं दिसलं तसं ती बोलली."

"आणि तुला काय दिसलं?"

"अजून काही दिसलं नाही," ऑरिन म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

जसा होता तसाच बॉक्स परत बांधण्यात अर्थ नव्हता. त्याने तो आणखी मजबूत करायचं ठरवलं. सहा प्लेटांच्या जागी आठ प्लेटा बसतील असा ड्रम मागवला. आतला मुख्य शाफ्ट जुना काढून कडक पोलादाचा घातला. पहिल्या गिअरचा पट्टा रुंद घेतला. पंपाची स्प्रिंग बदलून दाब वाढवला. हे सगळं करताना त्याचं मन मात्र त्यात नव्हतं. अशा बॉक्समध्ये दुप्पट ताकदीचं इंजिनही चालेल हे त्याला ठाऊक होतं. पण जे कारण सापडलंच नाही ते आठ प्लेटाही जाळणार, फक्त सातऐवजी बारा आठवड्यांत.

पुढच्या शनिवारी तो बॉक्स घेऊन जुआनेलच्या घरी गेला. तिच्या कोठारात नोव्हा लोखंडी घोड्यांच्या स्टँडवर चढवलेली होती, मागची चाकं जमिनीपासून वीतभर उंच. दोघांनी मिळून बॉक्स बसवला. ऑरिन खाली, जॅक सांभाळत. ती वरून बोल्ट लावायला. एक बोल्ट तिच्या हातून दोनदा निसटून त्याच्या छातीवर पडला.

"मारतेस का आता?" ऑरिन खालून म्हणाला.

"तेलकट आहे तो."

बॉक्स बसल्यावर ऑरिनने दुसऱ्या गिअरच्या तेलाच्या वाटेवर प्रेशरचं गेज जोडलं आणि लांब नळीने ते खिडकीपाशी आणलं. इंजिन सुरू केलं. स्वतः सीटवर बसून त्याने लिव्हर पहिल्या गिअरमधून मागे दुसऱ्यात ओढला. काटा एकशे नव्वदवर गेला. पुन्हा केलं. एकशे नव्वद. दहा वेळा केलं.

"झाली खात्री?" जुआनेल म्हणाली.

"आता तू बस. पट्टीवर ओढतेस तसाच ओढ."

ती बसली. लिव्हर ओढला. काटा एकशे दहावर जाऊन थांबला.

ऑरिन गेजकडे वाकला. "पुन्हा," म्हणाला. एकशे नव्वद. "पुन्हा." नव्वद. "पुन्हा." एकशे तीस.

"तुझं गेज बिघडलंय," जुआनेल म्हणाली.

"लिव्हर पूर्ण मागे गेलाय का बघ."

तिने खाली पाहिलं. लिव्हर खाचेच्या अलीकडे बोटभर थांबला होता. आत तेलाची वाट अर्धीच उघडली होती.

"केबल," ती म्हणाली. "केबल ढिली असेल."

"केबल मी आत्ताच लावली. डाव्या हाताने ओढून बघ."

"डाव्या हाताने कशाला?"

"बघ तर."

ती अंग वळवून डाव्या हाताने लिव्हर ओढू लागली. एकशे नव्वद. एकशे नव्वद. एकशे नव्वद. मग तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तिने मुठीत घेतली होती, डाव्या मुठीत.

"कधीपासून?" ऑरिनने विचारलं.

"फेब्रुवारीपासून. झोपतात बोटं. कधी असतात, कधी नसतात. मला वाटतं मी घट्ट धरलंय, आणि धरलेलंच नसतं." ती समोर काचेकडे पाहत बोलत होती. "डॉक्टर म्हणाला, मनगटात नस दबलीय. तीस वर्षं पातेली ढवळली ना. कापावं लागेल, म्हणाला. आठ आठवडे काही उचलायचं नाही."

"मग करून का घेत नाहीस?"

"डिसेंबरात माझी शाळेतली तीस वर्षं भरतात. त्याच्याआधी त्यांना कळलं की बाईला पातेलं उचलवत नाही, तर मला घरी बसवतील आणि पेन्शन अर्धी होईल." मग ती त्याच्याकडे वळली. "तुझ्या तोंडून हे कुणाला कळलं ना ऑरिन, तर याच गाडीखाली घालीन तुला."

"मी कुणाला सांगणार?"

"विल्डाला."

"तिलाही नाही."

परत येताना ऑरिनच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे बॉक्स निर्दोष होता. याचा त्याला जो आनंद झाला त्याची त्याला थोडी लाजही वाटली. दुसरी म्हणजे हे तो कुणाला सांगू शकत नव्हता. लोक समजायचे तेच समजणार होते. त्या रात्री विल्डाने विचारलं, सापडलं का कारण, तर तो म्हणाला, सापडलं. ती वाट पाहत राहिली. तो दिवा मालवून आडवा झाला. विल्डाने त्याच्याशी रविवारभर अबोला धरला.

बटण लावलं असतं तर प्रश्नच मिटला असता. स्टिअरिंगवर बटण, ते दाबलं की हवेच्या दाबाने लिव्हर आपोआप सरकतो. पण जुआनेल ज्या गटात धावायची तिथे नियम होता की गिअर हातानेच टाकायचा. बटणवाल्यांचा गट वेगळा. ऑरिनने फोनवर नाव काढलं मात्र, तिने फोन ठेवून दिला.

चार दिवस ऑरिन विचार करत होता. बोटं धरत नाहीत. म्हणजे ओढता येत नाही. पण तळहात? खांदा तर शाबूत होता. बोल्ट तिच्या हातून निसटत होते, पण त्याच दुपारी तिने कोठाराचं अवजड दार तळहाताने रेटून उघडलं होतं, ते त्याने पाहिलं होतं. ओढायच्या ऐवजी ढकलायचा लिव्हर केला तर?

ते करता येण्याजोगं होतं. बॉक्सच्या पोटातला व्हॉल्व्हचा ठोकळा बदलायचा, म्हणजे दुसरा गिअर मागे न राहता पुढे येतो. पूर्वी सगळे बॉक्स तसेच असायचे. रेसवाल्यांनी ते सोडून दिले त्याला कारण होतं. पुढे ढकलताना हात जरा जास्त गेला की लिव्हर दुसरा गिअर ओलांडून न्यूट्रलमध्ये जातो. मग भरधाव फिरणाऱ्या इंजिनवरचा भार एकदम सुटतो आणि ते फुटतं. ऑरिनने त्यावर उपाय काढला. लिव्हरच्या वाटेत पोलादाची एक आडवी पट्टी बसवली. पुढे कितीही जोराने मारा, लिव्हर दुसऱ्या गिअरच्या खाचेत आपटून थांबणार. न्यूट्रल हवं असेल तर डाव्या हाताने खटका उचलायचा. मूठही बदलली. गोल गोटीच्या जागी तळहात मावेल अशी चपटी लाकडी पाटी लावली.

कोठारात जुआनेलने ती पाटी पाहिली आणि म्हणाली, "हे काय, पोळपाट?"

"ढकल."

तिने ढकलला. एकशे नव्वद. वीस वेळा ढकलला, वीसही वेळा एकशे नव्वद. मग एकविसाव्यांदा, कुणी सांगितलं नसताना, पुन्हा ढकलला.

"अडचण एकच आहे," ऑरिन म्हणाला. "तू चाळीस वर्षं ओढत आलीस."

"मग?"

"मग आता विसरायचं."

त्याने तिला एका फळीवर जुना लिव्हर ठोकून दिला. ती फळी जुआनेल घरात खुर्चीशेजारी ठेवायची आणि टीव्ही पाहताना ढकलत बसायची, रोज दोनशे वेळा. नवरा वारल्यापासून घरात ती एकटीच होती, त्यामुळे कटकट करणारं कुणी नव्हतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गाडी पट्टीवर गेली. जुना बॉक्स चांगला असताना ती सहा पूर्णांक ब्याण्णव सेकंदांत पोचायची. आता सहा एक्याऐंशी आली. पुन्हा एक्याऐंशी. मग ऐंशी. दुसरा गिअर पडताना ठोसा बसल्यासारखी पुढे उडायची. त्या दिवशी जुआनेल जिंकली, पुढच्या रविवारीही जिंकली. लोक विचारायला लागले, काय केलंस गाडीत? ती म्हणायची, धुतली. बर्ल नेपियर मात्र मान हलवत म्हणायचा, थांबा, सात आठवडे होऊ देत.

हंगामाचा शेवटचा दिवस सप्टेंबरच्या अखेरीला होता. ऑरिन सहसा पट्टीवर जात नसे, पण त्या दिवशी विल्डाला घेऊन गेला. दोघं घडीच्या खुर्च्या टाकून कुंपणाशी बसले. जुआनेल तीन फेऱ्या सहज जिंकली. आणखी दोन जिंकल्या की बारावं विजेतेपद होतं. उपांत्य फेरीत तिच्यासमोर टेनेसीहून आलेला एक दाढीवाला होता. तो आतापर्यंत लिहिलेल्या वेळेच्या एक शतांश सेकंदसुद्धा इकडेतिकडे झाला नव्हता.

हिरवा दिवा लागला. जुआनेल त्याच्या आधी सुटली, फार सुरेख सुटली. आता दुसरा पडायचा, आता—आणि पडला नाही. इंजिन वरच्या सुरात अडकून तडतडत राहिलं, गाडी पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत निघाली. अर्धा सेकंद झाला असेल. मग ठोसा बसला, गाडी उडाली, पण काचेवर लिहिलेला आकडा तोवर हुकला होता आणि दाढीवाला निघून गेला होता.

ऑरिनला बसल्या जागी कळलं. तिने ओढला होता. समोर तगडा माणूस, डोक्यात फक्त जिंकायचं, आणि हाताने चाळीस वर्षांची वाट धरली.

बाकी कुणाला मात्र ते कळणं शक्य नव्हतं. लोकांनी इंजिनची किंचाळी ऐकली होती, जून आणि ऑगस्टमध्ये ऐकली होती तशीच.

जुआनेल गाडी लावून हॅम्बर्गरच्या गाडीपाशी आली तेव्हा तिथे दहा-बारा जण उभे होते. ऑरिनही विल्डासाठी कॉफी घ्यायला रांगेत होता. बर्लने हेल्मेट काखेत धरलेल्या जुआनेलला वाट करून दिली.

"वाईट झालं गं," तो म्हणाला. "गेला ना पुन्हा बॉक्स? तरी मी म्हणत होतो. तू माझ्या मेव्हण्याच्या ओळखीच्या माणसाकडे दे आता."

ऑरिन मागे वळला नाही. कॉफीच्या यंत्राकडे बघत राहिला.

"बॉक्सला काही झालेलं नाही," जुआनेल म्हणाली.

"अगं, ऐकलं ना सगळ्यांनी—"

"काय ऐकलंस? मी लिव्हर उलट्या बाजूला ओढला ते ऐकलंस. हे बघ." तिने उजवा हात पुढे केला. "मूठ वळ म्हणते मी याला, तर वळतो का बघ. तीन बोटं मेलेली आहेत माझी, फेब्रुवारीपासून. जूनमध्ये जळलेला बॉक्स मी जाळला. ऑगस्टमधला पण मीच. ऑरिनला सापडलं ते, आणि महिना झाला, तो माझ्यामुळे तोंड शिवून बसलाय." तिने हात खाली घेतला. "आणि मी मात्र इथेच उभी राहून त्याच्या नावाने बोंबलले होते. तू होतास की तेव्हा, बर्ल. जोरात हसला होतास."

हॅम्बर्गरवाल्या बाईने विचारलं, "जुआनेल, कांदा घालू का?"

"घाल," ती म्हणाली.

विल्डा कुंपणाशी बसून सगळं ऐकत होती. ऑरिन कॉफी घेऊन आला तेव्हा तिने पेला घेतला आणि म्हणाली, "मला सुद्धा नाही सांगितलंस."

"तिला शब्द दिला होता."

"हो, कळलं ते," विल्डा म्हणाली, आणि आपल्या पिशवीतला पीचचा केक काढून त्याला दिला.

सोमवारी दहा वाजायच्या आत शाळेत बातमी पोचली. मुख्याध्यापकांनी जुआनेलला बोलावलं. तिला वाटलं होतं तसं घरी बसवलं नाही, पण स्वयंपाकघरातून काढून जेवणाच्या रांगेच्या टोकाला बसवलं, पोरांचे जेवणाच्या खात्याचे नंबर यंत्रात घालायला. ते तिला अजिबात आवडलं नाही. डिसेंबरपर्यंत ती तिथे बसून आत शिजणाऱ्या प्रत्येक पातेल्याबद्दल मोठ्याने मत देत राहिली. सूपमध्ये मीठ कमी आहे हे तिला वीस फुटांवरून वासाने कळायचं, आणि बाकीच्या दोघी स्वयंपाकिणी तिच्या नावाने बोटं मोडायच्या. पण तीस वर्षं पुरी भरली.

मनगटाचं ऑपरेशन जानेवारीत झालं. दोन बोटांत जीव परत आला. अंगठा मात्र थोडा बधिरच राहिला. डॉक्टर म्हणाला, मी सांगितलं तेव्हाच करून घ्यायला हवं होतं.

बर्ल नेपियर ऑक्टोबरातच आपला बॉक्स घेऊन आला होता. माफीबिफी त्याने मागितली नाही. बॉक्स टेबलावर ठेवला, खाणीतल्या नव्या मुकादमाला वीस मिनिटं शिव्या दिल्या आणि गेला. पण एप्रिलमध्ये आणखी दोघं आले, दोघंही साठीच्या पुढचे. एकाच्या खांद्याला सांधेदुखी होती. दुसऱ्याने आपल्याला काय होतंय ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, "जुआनेलच्या गाडीत केलंस ते माझ्या गाडीत कर." ऑरिनने विचारलंही नाही. त्याला आधी गाडीत बसवून हात कुठवर जातो ते टेपने मोजलं, आणि मगच पाना हातात घेतला.

त्या हंगामात जुआनेल तिसरी आली. एकदाही तिने लिव्हर चुकीच्या बाजूला ओढला नाही. सप्टेंबरात शेवटच्या दिवशी ती ऑरिन आणि विल्डाच्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि बर्लची गाडी पट्टीवर येत होती.

"त्याचा बॉक्स छान वाजतोय," ती ऑरिनला म्हणाली. "चालवणारा बदलता येईल का बघ."